नियंत्रण गाजवणाऱ्या गटातून बाहेर पडल्यावर चित्र कुठून सुरू करावं

तुमचा प्रश्न मला असा समजला. एका बंदिस्त गटात तुम्ही नऊ वर्षं होतात. त्याआधी तुम्ही स्वतःच्या आनंदासाठी चित्रं काढायचात. आत गेल्यावर तुमचा हात गटाच्या कामाला जुंपला गेला: प्रमुखाची व्यक्तिचित्रं, भित्तिपत्रकं, पुस्तिकांची मुखपृष्ठं. त्याच काळात तुमच्यावर अत्याचार झाले आणि ते तुमच्याच भल्यासाठी आहेत असं तुम्हाला पटवलं गेलं. बाहेर येऊन दीड वर्ष झालंय. जे घडलं ते कागदावर काढा, असं समुपदेशकांनी सुचवलं. तुम्ही बसता, पण हात एकतर थिजतो किंवा आपसूक त्या गटाचं बोधचिन्ह काढायला लागतो. कलेनं खरंच बरं वाटतं की जखम नुसती उकरली जाते, असं तुम्ही विचारता. आणि मैत्रीण चित्रांचं प्रदर्शन भरवू म्हणतेय, तिला काय सांगायचं?

कलेनं मदत होते. अशा गटांतून बाहेर पडलेल्या माणसांबरोबर मी बरीच वर्षं चित्रांच्या माध्यमातून काम करते आहे, त्यामुळे एवढं मी खात्रीनं सांगू शकते. पण सुरुवात कुठून करायची याबाबत माझं मत तुमच्या समुपदेशकांपेक्षा वेगळं आहे. घडलेलं काढणं ही बरीच पुढची पायरी आहे. काही जण तिथवर जातच नाहीत, आणि तरीही चांगले सावरतात.

असं का, ते सांगते. अशा गटातला अत्याचार अचानक सुरू होत नाही, त्यासाठी आधी जमीन तयार केली जाते. कधी झोपायचं, कुणाशी बोलायचं, काय आवडून घ्यायचं, पोटात गोळा आला तर त्याला भीती म्हणायचं की 'अहंकार', हे सगळं दुसरं कुणीतरी ठरवू लागतं. हळूहळू ठरवण्याची सवयच मोडते. म्हणून बाहेर पडलेल्या अनेकांना साधा शर्ट निवडतानाही रडू फुटतं, आणि आपल्याला वेड तर लागलं नाही ना, अशी धास्ती वाटते. अशा माणसासमोर कोरा कागद ठेवून आयुष्यातली सर्वांत भयंकर गोष्ट काढायला सांगणं म्हणजे सर्वांत अवघड काम सर्वांत आधी मागणं. चित्र काढताना जे सहज घडतं, त्याचाच आधी उपयोग करून घ्यायला हवा. निळा की हिरवा, जाड रेघ की बारीक, इथे की तिथे, अजून की पुरे. एका साध्या चित्रात असे कितीतरी निर्णय असतात. त्यांनी कुणाचं नुकसान होत नाही, ते बदलता येतात आणि त्यांचा जाब कुणी विचारत नाही. तुमच्याकडून जे हिरावलं गेलं, त्याचा हा थेट सराव आहे.

रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं चीनमधल्या सक्तीच्या 'विचारसुधारणे'तून गेलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि १९६१ मध्ये अशा वातावरणाची आठ लक्षणं मांडली. बंद गटांचा अभ्यास करणारे आजही तिथूनच सुरुवात करतात. त्यातली चार लक्षणं चित्र काढायला बसलेल्या माणसाच्या थेट हातावर येऊन बसतात, असा माझा अनुभव आहे: कबुलीची सक्ती, निर्दोष शुद्धतेची मागणी, गटाची ठरावीक भारलेली भाषा, आणि माणसाच्या प्रत्यक्ष अनुभवापेक्षा शिकवणीला मोठं मानणं.

कबुलीचं आधी बघू, कारण तुमचा हात थिजण्याचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं. तिथे मनातलं सगळं उघड करावं लागत होतं. जे लपवाल ते पाप, आणि जे सांगाल ते पुढे कधीतरी तुमच्याविरुद्ध वापरलं जायचं. आता समुपदेशक कितीही प्रेमानं म्हणाले, 'काढा, मग आपण त्यावर बोलू', तरी शरीराला ती मागणी ओळखीची वाटते. आतलं बाहेर काढ आणि आमच्यापुढे मांड. हात थिजतो तो नकार म्हणून. नऊ वर्षांत ज्या नकाराला जागाच नव्हती, तो आता हातातून येतोय. त्याच्याशी झगडू नका. समुपदेशकांना एवढंच सांगा की सध्या मी चित्रं काढणार आहे, पण दाखवणार नाही आणि त्यांबद्दल बोलणारही नाही. चांगला समुपदेशक यावर खूश होईल.

म्हणजे पहिले काही आठवडे, काही महिने म्हणा हवं तर, ही चित्रं कुणीही बघायची नाहीत. घर इतरांबरोबर असेल तर कुलूप लागेल असा खण किंवा पेटी शोधा. चित्र ठेवायचं, फाडायचं की अर्धवट सोडायचं, हे तुम्ही ठरवायचं. माझ्या मते उपचाराचा अर्धा भाग या खासगीपणातच आहे. ज्या माणसाच्या स्वप्नांचाही हिशेब मागितला गेला, त्याच्याकडे कुणालाही न कळणारी एक गोष्ट असणं ही फार मोठी गोष्ट आहे.

यातना भोगणाऱ्यानं यातनाच काढल्या पाहिजेत, ही समजूत किती अपुरी आहे याचा एक पुरावा इतिहासात आहे. फ्रीडल डिकर-ब्रांडेस ही जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकलेली चित्रकार. १९४२ च्या अखेरीस नाझींनी तिला टेरेझिनच्या छावणीत पाठवलं. तिथे तिनं मुलांना चोरूनमारून चित्रकला शिकवली. ती छावणी म्हणजे तुमचा गट नव्हे, दोन्हींची तुलना मी करत नाहीये. तिनं काय शिकवलं ते बघा, एवढंच माझं म्हणणं आहे. लयीचे सराव, पोत, रंगांचे विरोध, समोर ठेवलेल्या वस्तू, कागदाचे तुकडे चिकटवून केलेली रचना. बहुतेक चित्रांवर मुलांची नावं आहेत. अनेक चित्रांत घरं, फुलं, टेबलं, खिडक्या आहेत. काही मुलांनी छावणीही काढली, पण ती त्यांना काढावीशी वाटली म्हणून. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशविट्झला नेऊन मारण्यात आलं. मागे राहिलेली सुमारे साडेचार हजार चित्रं आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ईडिथ क्रेमर ही तिची शिष्या पुढे अमेरिकेत कलोपचाराच्या पायाभरणीतली एक महत्त्वाची व्यक्ती झाली. म्हणजे आमच्या शास्त्राच्या मुळाशीच हा विचार आहे की मुलाला आधी बघायला, निवडायला आणि रचायला मिळू दे, वेदना तिच्या वेळेनं येईल.

आता प्रत्यक्ष काय करायचं?

साधनांपासून सुरू करते, कारण याकडे फार थोडे जण लक्ष देतात. पेन्सिल, रंगीत पेन्सिली, मार्कर आणि कोलाज ही ताब्यात राहणारी साधनं. ओल्या कागदावरचे जलरंग, बोटांनी लावायचे रंग, पातळ माती ही निसटणारी साधनं. साधन जितकं पातळ आणि ओलं, तितक्या भावना लवकर आणि जोरात वर येतात. मनात आधीच पूर आलेला असताना ओले रंग घेतले की अनेकांना गुदमरल्यासारखं होतं, आणि 'कला मला झेपत नाही' असा निष्कर्ष काढून ते थांबतात. झेपत नसतं ते साधन. म्हणून सुरुवात कोरड्यानं करा. कागद लहान घ्या, पोस्टकार्डाएवढा चालेल. कडेनं चौकट आखून घ्या. कुठवर जायचं ते आधीच ठरलं की आत काहीही करायला धीर येतो.

मी बहुतेकांना कोलाजपासून सुरुवात करायला सांगते. जुनी मासिकं घ्यायची आणि जे ओढून घेतं ते कापायचं. का, हे विचारायचं नाही. तुमच्यासाठी यात आणखी एक सोय आहे. तुमचा चित्र काढणारा हात नऊ वर्षं गटासाठी राबला, कात्री धरणारा हात तसा राबलेला नाही. दोन ढीग करा, 'हे मला आवडतं' आणि 'हे मला आवडत नाही'. एवढ्यावरच पहिली बैठक संपवली तरी चालेल. आवडत नाही हा ढीग करताना पुष्कळांना धडधडतं, कारण नावड दाखवणं तिथे धोक्याचं होतं. धडधड वाढली तर थांबा, पाणी प्या, उद्या पुन्हा बसा.

दुसरा सराव समोरची वस्तू बघून काढण्याचा. कप, चावी, स्वतःचा बूट. दिसतं तेवढंच काढायचं. हा सराव शाळकरी वाटेल, पण शिकवणीपुढे स्वतःचा अनुभव खोटा मानायला लावलेल्या माणसासाठी त्याचं मोल मोठं आहे. कपाचा कान मला वाकडा दिसतो, मी वाकडा काढते. माझे डोळे मला जे सांगतात ते मी मानते. कुणालाही विचारल्याशिवाय मानते. हे रोज थोडं थोडं केलं की त्याचा परिणाम चित्राबाहेरही जाणवू लागतो. माणसं बैठकीत, नात्यात, दवाखान्यात 'मला तसं दिसत नाही' असं म्हणायला लागतात.

आणि तिसरा, मुद्दाम वाईट चित्र काढण्याचा. शुद्धतेची मागणी अशी खोल बसलेली असते की एक रेघ चुकली तरी शिक्षा होणार असं वाटतं. तुमच्यासारख्या कसलेल्या हाताला तर हे अधिकच छळतं. न सरावाच्या हातानं काढा. डोळे मिटून नको, उघडे ठेवून. चुकलेली रेघ खोडू नका, तिच्यावरून पुढे जा.

डोळे उघडे ठेवायला का सांगते, ते इथेच समजावते, कारण याबाबत सर्रास चुकीचा सल्ला दिला जातो. मन शांत करायचं तर मंडल, म्हणजे गोलाकार नक्षी, रंगवा, एकसारखी नक्षी भरत बसा, असं सगळीकडे सांगतात. बहुतेक लोकांना त्यानं बरंही वाटतं. पण ज्यांनी तासन् तास जप, एकसुरी पठण किंवा दीर्घ ध्यान केलंय, त्यांचं मन अशा पुनरावृत्तीनं पटकन तंद्रीत घसरतं. मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ अशा गटांतून आलेल्या हजारो लोकांशी बोलल्या होत्या. त्यांनी या अवस्थेला तरंगणं म्हटलंय. माणूस बसलेला इथे असतो, पण मन गटातल्या त्या जुन्या अवस्थेत जातं. तास निघून जातो आणि आठवत काहीच नाही. तुमचा हात आपसूक बोधचिन्ह काढतो, तेव्हा तुम्ही बहुधा अशाच तंद्रीच्या उंबरठ्यावर असता. म्हणून एकसारखी नक्षी सध्या टाळा. घड्याळात २० मिनिटांचा गजर लावा. पाय जमिनीला टेकलेले असू द्या, आणि रंग बदलताना त्याचं नाव मोठ्यानं म्हणा. ऐकायला साधं वाटतं, पण उपयोगी पडतं.

बोधचिन्हाबद्दल घाबरू नका. ते येणं म्हणजे तुम्ही अजून त्यांचे आहात असा अर्थ होत नाही. नऊ वर्षं रोज काढलेली आकृती स्नायूंच्या सवयीत बसते, पाठ झालेल्या सहीसारखी. आली तर पूर्ण करा किंवा अर्ध्यात सोडा, मागे तारीख लिहा आणि कागद बाजूला ठेवा. लगेच जाळूबिळू नका. रागाच्या भरात नष्ट केलेल्या गोष्टींची काहींना पुढे हळहळ वाटते, शिवाय जाळण्याचे विधी तिथेही झाले असतील तर तो वास नकोसा असतो. पुढे कधी वाटलं तर त्या आकृतीला कापा, उलटी करा, तिच्या रेघांतून दुसरंच काही काढा. एका बाईंनी तसल्या चिन्हाच्या रेघांतून बरेच दिवस पक्षी काढले. मग एक दिवस ते चिन्ह येणंच थांबलं.

शब्दांबद्दलही एक गोष्ट. गटाची स्वतःची भाषा असते, आणि बाहेर पडल्यावरही विचार त्याच शब्दांत येतात. घडलेलं सांगायला जावं तर वाक्य आपोआप त्यांच्या बाजूचं होतं. त्यात भर म्हणजे आघात आठवताना बोलण्याचं यंत्रच कधी कधी बंद पडतं. १९९६ मध्ये स्कॉट राउच आणि सहकाऱ्यांनी आघातोत्तर तणावाच्या आठ रुग्णांना त्यांच्याच अनुभवाचं वर्णन ऐकवून मेंदूची छायाचित्रं घेतली. बोलण्याशी संबंधित ब्रोका भागातली हालचाल मंदावलेली दिसली आणि दृश्यांशी संबंधित भाग जागा झालेला दिसला. आठ माणसांवरून सर्वांबद्दल नियम काढता येत नाही. पण 'सांगताच येत नाही' म्हणणाऱ्या माणसाला तू काही लपवत नाहीयेस, एवढं म्हणायला हे निरीक्षण मला पुरतं. चित्राला त्यांचे शब्द लागत नाहीत. म्हणून चित्राला नाव द्यायची घाई करू नका. दिलंच तर गटाचा एकही शब्द त्यात येऊ देऊ नका, एवढं पथ्य पाळा.

या सगळ्याला किती वेळ द्यायचा, याचा ठरावीक आकडा नाही. जुडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. प्रत्यक्षात माणूस पुढेमागे होत राहतो, पण पहिला टप्पा वगळता येत नाही. झोप बरी लागतेय, खाणंपिणं नियमित आहे, गटातलं कुणी दारात येऊन उभं राहत नाहीये, आणि चित्र मध्येच थांबवायचं म्हटलं तर तुम्ही थांबवू शकता, ही माझी खूण. या चारपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची. ज्याला थांबता येतं, त्यानंच पुढे जावं.

तिथवर पोचलात आणि इच्छा झाली, तर घडलेल्याकडे जाण्याची माझी आवडती वाट सांगते. प्रसंग काढू नका, नकाशा काढा. तुम्ही राहत होतात त्या जागेचा, वरून बघितल्यासारखा. खोल्या, दारं, जिने. कुठल्या दाराला आतून कडी होती आणि कुठल्या नव्हती. किल्ल्या कुणाकडे असायच्या. फोन कुठे होता. कोण कुठे झोपायचं. एकटं बसता येईल अशी जागा होती का. प्रमुखाच्या खोलीपर्यंत जायला कुणाकुणाला ओलांडावं लागायचं. मग दुसऱ्या रंगानं माणसं काढा, नुसते ठिपके चालतील, आणि बाण काढा: बातमी कुणाकडून कुणाकडे जायची, पैसे कुठून कुठे, हुकूम कुठून कुठे. तिसऱ्या रंगानं दिवसाचं वेळापत्रक लिहा. किती वाजता उठवायचे, किती वाजता झोपू द्यायचे.

हा नकाशा बघून माणसं अनेकदा गप्प होतात. 'मी इतकी वर्षं का थांबले, मी मूर्ख होते का' हा प्रश्न प्रत्येकाला पोखरत असतो, आणि त्यावरचं माझं आश्वासन कानावरून जातं. पण स्वतःच्या हातानं काढलेल्या नकाशात दिसतं की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर कुणीतरी उभं होतं, दिवसात एकटं राहायला पंधरा मिनिटंही नव्हती, आणि ज्या मैत्रिणीला सांगावं तिचा बाण थेट प्रमुखाकडे जात होता. ती रचना होती, आणि कुणीतरी ती उभी केली होती. दोष आपल्या स्वभावातून उचलून तिथे ठेवायला नकाशा फार मदत करतो. शिवाय वरून बघण्यामुळे अंतर राहतं. तुम्ही खोलीत नसता, कागदावर वाकलेले असता. एका खोलीकडे पेन्सिल जात नसेल तर ती कोरी सोडा. कोरी खोलीही नकाशाचाच भाग आहे.

पुढे प्रसंग काढावासा वाटला तर चौकटींची मालिका करा, चित्रकथेसारखी. पहिली चौकट प्रसंगाच्या आधीची, जिथे तुम्ही सुरक्षित होतात. शेवटची नंतरची, जिथे तुम्ही आज आहात. मधल्या चौकटी पुढच्या बैठकीला ठेवता येतात. काढल्यावर काही तास मन खाली जाणं स्वाभाविक आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आघाताबद्दल लिहिलं. लिहिल्याबरोबर त्यांना अधिक वाईट वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मात्र खाली गेलेलं मन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वर आलं नाही, तर एक पायरी मागे या. पुन्हा कप आणि चावी.

सुंदर गोष्टी काढायलाही परवानगी द्या. याबद्दल फार कमी बोललं जातं. तुम्हाला तिथे मैत्रिणी मिळाल्या असतील, एकत्र गाणं असेल, आयुष्याला अर्थ आहे असं वाटलं असेल. ते गमावल्याचं दुःख खरं आहे. आपण दुःख करतोय म्हणजे त्यांची बाजू घेतोय, असं वाटून माणसं ते दाबतात आणि मग फक्त काळी चित्रं काढत राहतात. ज्या अंगणात तुम्ही हसलात ते अंगण काढा. त्यानं अत्याचार करणाऱ्याचा गुन्हा रतीभरही कमी होत नाही. रागही असाच येऊ द्या. प्रमुखाचा चेहरा तुम्ही नऊ वर्षं सुंदर करून काढलात. आता तो तुम्हाला दिसतो तसा काढण्याचा, किंवा पुन्हा कधीच न काढण्याचा अधिकार तुमचा आहे. ते कौशल्यही तुमचंच आहे. तुम्ही ते घेऊन आत गेला होतात.

चित्राचा अर्थ दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. काळा रंग म्हणजे दडपलेली आठवण, झाडाला पोकळी म्हणजे लहानपणीचा अत्याचार, असं छातीठोक सांगणारे लोक भेटतील. अशा ठरावीक अर्थांना आधार नाही. तुमच्या मनात काय चाललंय ते तुमच्यापेक्षा दुसऱ्याला जास्त कळतं, हीच तर गटाची शिकवण होती. आणि चित्राचा उपयोग हरवलेल्या आठवणी उकरायला करू नका. एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा कल्पनेत आणला की तो घडलाच होता असा विश्वास वाढतो, हे १९९६ पासूनच्या प्रयोगांत दिसलंय. जे आठवतं ते पुरेसं आहे.

तक्रार किंवा खटल्याचा विचार असेल तर आधी साध्या गद्यात, तारखा आणि ठिकाणांसह, आठवतं तेवढं लिहून ठेवा. ते चित्रांपासून वेगळं ठेवा आणि चित्रं कुणाला दाखवण्याआधी वकिलाशी बोला. चित्रात माणूस मोठं करतो, रंगवतो, दोन दिवस एकत्र करतो. चित्रासाठी ते योग्यच आहे, जबानीसाठी नाही.

'कलेतून बरं होऊ या' अशा एखाद्या गटात जायचं असेल तर मार्गदर्शकाला आधी विचारा: न दाखवता बसता येईल का? मध्येच उठून जाता येईल का? माझ्या डॉक्टरांचे उपचार चालू ठेवायचे ना? शुल्क पुढे वाढतं का? उत्तर देताना तो चिडला, किंवा 'तुमच्या मनात विरोध आहे' म्हणाला, तर तिथून निघा. उपचाराच्या नावाखालीही तीच रचना उभी राहू शकते, आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाला ती घरासारखी वाटते. मार्गदर्शकाच्या करिष्म्यापेक्षा त्याचं प्रशिक्षण आणि त्याच्यावर देखरेख कुणाची आहे, हे बघा.

कलेच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना माती, मार्कर, कोलाज यांतून ४५ मिनिटं हवं ते करू दिलं. सुमारे तीन-चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक उतरलं, आणि चित्रकलेचा आधीचा अनुभव असण्या-नसण्यानं फरक पडला नाही. उत्साह वाढवणारी गोष्ट आहे. पण तो अभ्यास अत्याचारातून आलेल्यांचा नव्हता, आणि एक-चतुर्थांश लोकांचं कॉर्टिसॉल उतरलं नाही. मरावंसं वाटत असेल, रात्री झोपच नसेल, दिवसा भान हरपत असेल, तर चित्राची वाट बघू नका. मनोविकारतज्ज्ञाकडे आजच जा. औषध घेत चित्र काढता येतं.

राहिलं प्रदर्शन. मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, पण आत्ता नको, असं मी म्हणेन. ज्या चित्रांची अजून तुमच्याशीच ओळख झालेली नाही, ती अनोळखी लोकांपुढे गेली की त्यांचा अर्थ लोक ठरवतील. आधी एकाच माणसाला एकच चित्र दाखवा, अशा माणसाला जो बघून गप्प बसू शकतो. दाखवल्यावर दोन दिवस झोप कशी लागते ते पाहा. असं काही वेळा झाल्यावरही प्रदर्शन हवंसं वाटलं, तर मैत्रिणीबरोबर काही गोष्टी लेखी ठरवा. कुठलंही चित्र शेवटच्या दिवसापर्यंत मागे घेता येईल. तुमच्या परवानगीशिवाय फोटो निघणार नाहीत. अजून आत असलेल्या कुणाचा चेहरा, नाव किंवा ओळखू येणारी खूण दिसणार नाही, कारण शिक्षा त्यांना होईल. गटाची माणसं आली तर दारात कोण बोलेल. नकाशा प्रदर्शनात लावायचा असेल तर आधी वकिलाला दाखवायचा. आणि उद्घाटनाला तुम्ही भाषणाला उभं राहणार नाही, हेही त्यात लिहून घ्या, कारण तुमचा अनुभव सांगा असं कुणीतरी म्हणेलच.